‘द पॉवर्स दॅट बी’ म्हणजे नक्की कोण ?

आमच्या पिढीतील बहुतेक व्यापाऱ्यांचे इंग्रजी हे बिलटी, बँकेचे चलन आणि आयकराची नोटीस एवढ्यापुरतेच. मॅट्रिक झालो, निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवसापासून उस्मानगंजातील पेढीच्या गादीवर बसलो. त्यापुढील इंग्रजी जे काही आले ते कागदपत्रांनी शिकविले. आता घरोघरची मुले इंग्रजी माध्यमात शिकून येतात आणि त्यांच्या तोंडी असे काही वाक्प्रचार असतात की त्यांचा प्रत्येक शब्द आपणांस ठाऊक असूनही अर्थ लागत नाही. ‘द पॉवर्स दॅट बी’ हा त्यांतलाच एक. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांकडे धान्यबाजाराविषयी लेख मागितला होता. आम्ही हा भाषेचा विषय घेतला याचे काहींस नवल वाटेल. परंतु ज्याच्या गोदामात चार पोती धान्य आहे त्याचा या वाक्प्रचाराशी रोजचाच संबंध असतो, असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दार्थ पाहू. ‘ज्या सत्ता आहेत त्या’, अर्थात सध्या ज्यांच्या हाती अधिकार आहे ती मंडळी, असा याचा सरळ अर्थ. शाळेत मास्तरांनी घोकून घेतलेल्या व्याकरणाप्रमाणे येथे ‘बी’च्या जागी ‘आर’ पाहिजे. परंतु चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘बी’ हे रूप बहुवचनी वर्तमानकाळीही चालत असे. पुढे भाषा बदलली, वाक्प्रचार मात्र जुन्याच वेषात राहिला. आपल्याकडे खरेदीखतात ‘कारणे लिहून देतो ऐसा जे’ अशी वाक्ये दस्तलेखक अगदी काल-परवापर्यंत लिहीत असत. बाजारात उभा राहून तसे कोणी बोलणार नाही, पण दस्तात ते शोभत असे. तसेच हे. म्हणून हा वाक्प्रचार वापरताना ‘बी’ला हात लावू नये, आणि ‘पॉवर्स’चे एकवचन करू नये. साहेब एकटाच असला तरी येथे तो अनेकवचनी.

याचा उगम ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या भाषांतरात आहे. विल्यम टिंडेल नावाच्या इंग्रज पंडिताने १५२६ साली बायबलाच्या नव्या कराराचे मूळ ग्रीकवरून इंग्रजी भाषांतर छापून काढले. त्यात संत पॉल यांनी रोमच्या ख्रिस्ती मंडळींस लिहिलेले पत्र आहे. त्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, प्रत्येकाने राज्यसत्तेच्या आज्ञेत राहावे, कारण ज्या सत्ता आहेत त्या ईश्वरानेच नेमलेल्या आहेत, अशा आशयाचा उपदेश आहे. तेथे टिंडेल यांनी हे शब्द योजिले, आणि १६११ साली राजा जेम्स यांच्या आश्रयाने जे अधिकृत भाषांतर निघाले त्यातही ते तसेच राहिले. चर्चमधून ते घराघरांत गेले.

आता यातील विलक्षण गोष्ट. सत्तेच्या आज्ञेत राहा, हे वचन ज्याने इंग्रजीत आणले, त्यालाच त्या काळच्या सत्तेने जाळले. धर्मसत्तेच्या परवानगीवाचून बायबलाचे इंग्रजी भाषांतर करणे हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. टिंडेल यांस देश सोडावा लागला. पुस्तक जर्मनीतील वर्म्स शहरी छापावे लागले, आणि त्याच्या प्रती कापडाच्या गाठींत दडवून इंग्लंडमध्ये आणाव्या लागल्या. हे काम व्यापाऱ्यांवाचून होणारे नव्हते. लंडनचे हंफ्री मॉनमथ या कापडाच्या व्यापाऱ्याने टिंडेल यांस घरी ठेवून घेतले, पैसा पुरविला, आणि त्यापायी १५२८ मध्ये टॉवरच्या तुरुंगाची हवा खाल्ली. अखेरीस टिंडेल अँटवर्प येथे इंग्रज व्यापाऱ्यांच्या कोठीत राहात असता १५३५ मध्ये विश्वासघाताने पकडले गेले, आणि पुढील वर्षी ब्रसेल्सजवळ त्यांना प्रथम गळा आवळून मारून नंतर जाळण्यात आले. ज्या सत्तेने हे केले तिच्यातील किती जणांची नावे आज सामान्य इंग्रजास सांगता येतील ? परंतु टिंडेल यांनी बनविलेले हे चार शब्द त्याच्या तोंडी रोज असतात.

तोंडी असतात, परंतु भाव मात्र पालटला आहे. मूळ उपदेशातील आदर आता त्यात उरलेला नाही. आजचा इंग्रजी बोलणारा मनुष्य हे शब्द जरासे ओठ मुडपून उच्चारतो. रस्ता का खणून ठेवला ? पॉवर्स दॅट बी यांची इच्छा. बदली का झाली ? पॉवर्स दॅट बी यांस विचारा. बोलणाऱ्याला त्या मंडळींचे नाव माहीत नसते, किंवा माहीत असून घ्यावयाचे नसते. दोन्ही अडचणींत हा वाक्प्रचार उपयोगी पडतो. त्याची सर्व खुबी या नाव न घेण्यात आहे.

मराठीत याला जोड शोधू गेले तर शब्द पुष्कळ सापडतात, परंतु प्रत्येकाचे स्थान वेगळे. ‘मायबाप सरकार’ हे समोर हात जोडून म्हणावयाचे. ‘बडी धेंडे’ हे पाठीमागे म्हणावयाचे. ‘सत्ताधीश’ वर्तमानपत्रात, ‘वरिष्ठ’ कचेरीत, ‘सरकारदरबार’ गावगप्पांत. आमच्या मते सर्वांत जवळचा शब्द एकच, आणि तो धड नामही नाही : ‘वरून’. ‘वरून आले आहे’, ‘वरून सांगितले आहे’. त्यात कर्ता नाही, पत्ता नाही, तारीख नाही; तरी ऐकणाऱ्याचे पाय लटपटतात.

इंग्रजीत मोठ्या लोकांसाठी आणखीही शब्द आहेत. लष्करी टोपीवरील पितळी नक्षीवरून ‘टॉप ब्रास’, प्रतिष्ठितांच्या लांबरुंद कृत्रिम केसांच्या टोपांवरून ‘बिगविग’. यांवर वेळ घालविण्याचे कारण नाही. परंतु दोन शब्द धान्यवाल्यांनी अवश्य ऐकावे असे आहेत. अमेरिकेत बड्या माणसाला थट्टेने ‘हाय मकामक’ म्हणतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर तेथील मूळचे रहिवासी आणि परके व्यापारी यांच्यात एक मिश्र व्यापारी बोली चालत असे, तीतून हा शब्द आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘खावयास पुष्कळ’ एवढाच ! ज्याच्या घरी खावयास पुष्कळ तो मोठा. दुसरा शब्द खुद्द ‘लॉर्ड’. ज्या शब्दापुढे आपल्या देशाने दीडशे-दोनशे वर्षे मान वाकविली, तो जुन्या इंग्रजीतील दोन शब्दांचा सांधा आहे, आणि त्याचा अर्थ ‘भाकरीचा राखणदार’. ‘लेडी’ म्हणजे तसेच ‘कणीक मळणारी’. आपण ‘अन्नदाता’ म्हणतो त्याहून हे काही निराळे नव्हे. सत्ता ही कोठे तरी धान्याच्या कणगीपाशी उगवते, हे सातासमुद्रांपलीकडच्या भाषेलाही ठाऊक होते.

हे वाचून आमच्या कोठीकर वाचकांस आपल्या मोहल्ल्याचे नाव आठवले असेल. मराठीत कोठी म्हणजे धान्य व शिधासामुग्री साठविण्याची खोली. शिवकालीन बारा महालांत कोठी हा एक स्वतंत्र महाल होता, आणि त्यावरील अधिकारी तो कोठावळा. हिंदुस्थानीत मात्र कोठी म्हणजे सावकाराची पेढी, किंवा बड्या साहेबाचा वाडा. हैदराबादच्या कोठीला हे नाव मिळाले ते या दुसऱ्या अर्थाने, ब्रिटिश रेसिडेंटाच्या वाड्यावरून. एकाच शब्दात धान्यकोठार, सावकार आणि सत्ता हे तिघेही नांदतात. आणि ‘ज्या सत्ता आहेत त्या’ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न हिंदुस्थानात जर कोठे खऱ्या अर्थाने पडला असेल तर तो या आमच्या कोठीत.

जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हे रेसिडेंट असताना १८०३ च्या सुमारास या वाड्याचे काम निघाले. जागेविषयी एक कथा इतिहासकार सांगतात. रेसिडेंटाने सुमारे साठ एकर जमीन मागितली आणि तिचा नकाशा भल्या मोठ्या कागदावर काढून वृद्ध निजाम अली खान यांच्यापुढे ठेवला. निजामांनी साफ नकार दिला. कारण कळेना. तेव्हा दिवाणांनी समजाविले, की हुजुरांपुढे त्यांच्या सबंध राज्याचा नकाशाही एवढ्या मोठ्या कागदावर कधी आला नव्हता ! मग तोच नकाशा लहानशा पत्त्याएवढ्या कागदावर काढून नेला, आणि जमीन तत्काळ मिळाली. वाडा उभा राहिला तो निजामाच्याच पैशाने. कर्कपॅट्रिक मात्र तो पुरा झालेला पाहावयास राहिले नाहीत, १८०५ मध्ये कलकत्त्यास वारले. जमीन देणाऱ्याची, पैसा देणाऱ्याचा, आणि राहणार कोण तर तिसराच. कागद लहान केल्याने मागणी लहान दिसते, ही युक्ती पुढे पुष्कळांनी वापरली असावी, असा आमचा तर्क आहे.

त्या दिवसापासून शहरात दोन सत्ता झाल्या. मुसीच्या एका तीरावर निजामाचे तख्त, दुसऱ्या तीरावर रेसिडेंटाची कोठी. तख्तावर नाव, कोठीत हात. रेसिडेंटाच्या वाड्याभोवती जो बाजार वसला त्याला रेसिडेन्सी बाजार म्हणत. तेथे निजामाचा कोतवाल नव्हे, तर रेसिडेंटाचा अधिकार चाले. शहाण्या सावकारांनी हे लवकर ओळखले आणि आपल्या पेढ्या त्या हद्दीत आणल्या. दरबारातील एखादा सरदार कर्ज बुडवून वर डोळे वटारू लागला, तर कोणत्या छायेत बसलेले बरे, हे सावकारास शिकवावे लागत नाही.

परंतु छाया बदलते. १८१४ साली येथे विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी निघाली. बंकटीदास नावाचे गुजराती सावकारही तिच्यात भागीदार होते. दिवाण चंदुलाल यांच्या कारभारात या पेढीने निजाम सरकारास लाखो रुपये कर्ज दिले, आणि व्याजाचा दर ऐकून आजचा बँकवाला कानावर हात ठेवील. युरोपियनांनी देशी संस्थानिकांस कर्ज देऊ नये असा कायदा असता या पेढीस १८१६ मध्ये खास सूट मिळाली. तिचा एक भागीदार गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या आश्रित कन्येचा पती होता, हे येथे सांगितले पाहिजे. पेढीला वाटले, पॉवर्स दॅट बी आपल्या खिशात आहेत. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ हे रेसिडेंट होऊन आले. त्यांनी हिशेब पाहिले, वर लिहिले, आणि लंडनच्या संचालकांपर्यंत प्रकरण गेले. १८२४ मध्ये पेढी बुडाली. ‘ज्या सत्ता आहेत त्या’ यातील ‘आहेत’ हा शब्द पामर यांनी नीट वाचला नव्हता.

१८५७ सालची हकिगत तर याहून कठीण. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढारीपणाखाली रोहिल्यांनी रेसिडेन्सीवर चाल केली. समोर अब्बन साहेब आणि जयगोपाळदास या सावकारांच्या हवेल्या होत्या. त्या हवेल्यांत शिरून रोहिल्यांनी कोठीवर गोळ्या झाडल्या, आणि कोठीतून तोफा त्या हवेल्यांवर चालल्या. शहरात आज तुर्रेबाज खान यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या दोन सावकारांचे त्या रात्री काय झाले असेल, याचा विचार आम्ही त्या रस्त्याने जाताना नेहमी करतो. दोन सत्ता भिडल्या की मधली भिंत बहुधा व्यापाऱ्याच्या घराची असते.

या दुहेरी राज्यात आमच्या वाडवडिलांनी निभाव कसा लावला ? आमचे आजोबा लातूरकडून येथे आले, त्यांच्याकडून आम्ही जे ऐकले त्यात एक गोष्ट स्पष्ट होती : त्या काळी हुकुमाचे नाव सांगितले की हुकूम देणारा कळे. खुद्द निजामाचा तो फर्मान. खात्याने काढलेली ती गश्ती. छापून येई ते जरीदा. निजाम आणि इंग्रज सरकार यांच्यात जाई तो खरिता. निजामाचे सरकार ते ‘सरकारे-आली’, इंग्रजांचे ते ‘सरकारे-अजमतमदार’. नाणीही दोन : एक हाली सिक्का, दुसरे कलदार, आणि ६ कलदारांस ७ हाली असा साधारण भाव. भाव ठरविताना रुपया कोणाचा हे विचारणे जितके आवश्यक, तितकेच हुकूम ऐकताना तो कोणाचा हे विचारणे आवश्यक. ‘वरून आले’ असे सांगत कोणी पेढीवर आला तर आजोबा त्याला पाणी देत, बसवीत, आणि विचारीत, ‘‘फर्मान आहे की गश्ती ? कागद दाखवा.’’ कागद नसला तर तो मनुष्य पाणी पिऊन जाई.

नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मराठी भाषकांचा वऱ्हाड. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी तो इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वर्षास २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. पुढे मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला आणि आपण इंग्रजांच्या बरोबरीचे दोस्त आहो, असा पवित्रा घेतला. त्यावर २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी जे उत्तर धाडले त्याचा मतितार्थ असा, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी समान पातळीवरून बोलू शकत नाही. पॉवर्स दॅट बी यांनी स्वतःच आपले नाव सांगितल्याचा असा प्रसंग विरळा. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. पदवी हैदराबादेस, कापसाचा महसूल नागपुरास.

रेसिडेन्सी बाजार १९३३ मध्ये निजामास परत मिळाला आणि सुलतान बाजार झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्या. सरकारे-आली आणि सरकारे-अजमतमदार दोन्ही कागदावर गेली. १९४९ पासून रेसिडेंटाच्या त्या स्तंभांच्या वाड्यात मुलींचे महाविद्यालय भरू लागले, आणि आता तेथे महिला विद्यापीठ आहे. आमच्या घरची एक मुलगी तेथेच शिकून पदवीधर झाली. जिन्याशेजारच्या दगडी सिंहांपाशी बसून ती डबा खात असे.

आता सत्ता एक झाली, राज्यघटना झाली, राजपत्र झाले; तेव्हा ‘वरून’ हा शब्द बाजारातून जावयास हवा होता. तो गेला नाही. उलट वाढला. याचे कारण असे की सत्ता एक असली तरी दारे पुष्कळ झाली. १९७३ च्या एप्रिलात केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला, आणि वर्षाच्या आत, १९७४ च्या मार्चमध्ये, तो परत सोडला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडीलधारी मंडळी रात्री रेडिओभोवती बसत एवढे आठवते. अलीकडचे पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्यात दुरुस्ती केली : नाशवंत नसलेल्या धान्याचा किरकोळ भाव ५० टक्क्यांनी चढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा नाही. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जुलै २०२१ मध्ये खात्याने डाळींवर साठामर्यादा घातली. वर्षअखेरीस संसदेने ती दुरुस्तीच रद्द केली. सव्वा वर्षात संसद, न्यायालय, खाते आणि पुन्हा संसद ! यांतील पॉवर्स दॅट बी कोण ? चौघेही, आपापल्या तारखेस. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व छापील नावाच्या धान्यावर ५ टक्के जीएसटी आला, आणि बाजारात तांदळाच्या २६ किलोच्या पिशव्या दिसू लागल्या. तो कर दिल्लीचा की राज्याचा, यावर गंजात आजही वाद होतो. ठरविणाऱ्या परिषदेत तर दोन्ही बसतात.

२ जून २०२३ चा हुकूम आम्ही विस्ताराने सांगतो, कारण त्यात आमच्या डोळ्यांदेखत एका सज्जनाचे नुकसान झाले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने तूर आणि उडीद या दोन डाळींवर साठामर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक डाळीचे २०० टन, किरकोळ दुकानदारास ५ टन. २५ सप्टेंबर रोजी घाऊकवाल्यांचे २०० टन एकदम ५० टनांवर आणले. ५० टन म्हणजे ५०० क्विंटल, मोठ्या दोन ट्रकांचा माल. त्या आठवड्यात गंजात बोलवा उठली, की ‘वरून’ सर्वच कडधान्यांचे आले आहे, आणि गोदामे तपासावयास मंडळी निघाली आहेत. आमच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने दोन दिवसांत आपला हरभरा आणि मूग मिळेल त्या भावाने काढून टाकला. मुलीच्या घरचे कार्य तोंडावर होते. त्या मालावरच त्याची भिस्त होती. राजपत्रात हरभऱ्याचे नाव नव्हते, मुगाचेही नव्हते. हरभऱ्यावर मर्यादा आली ती जून २०२४ मध्ये, तुरीबरोबर. ‘तुम्हांला कोणी सांगितले ?’ असे आम्ही विचारले असता ते म्हणाले, ‘‘सगळेच म्हणत होते, वरून आले.’’ कोणी नोटीस दिली नव्हती, कोणी तपासावयास आले नव्हते. त्यांना ज्याने बुडविले त्या सत्तेला ना कचेरी होती ना शिक्का. तिच्याविरुद्ध अपील कोठे करणार ?

कोणी म्हणेल, ही सत्तेची निंदा चालली आहे. तसे नव्हे. आपल्या परंपरेत राज्याचा कायदा चुकविणे हा व्रतभंगाचाच एक प्रकार मानला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, खोटी मापे आणि भेसळ यांच्याच पंक्तीला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ बसविला आहे. चोरटी आयात, जकात चुकविणे, राज्याने घातलेले निर्बंध ओलांडणे हे सर्व त्यात येते, असे आमच्या पाठशाळेचे पंडितजी सांगत. मात्र निर्बंध ओलांडू नये असे म्हणताना निर्बंध कोणता, हे माहीत असणे गृहीत आहे. जो हुकूम निघालाच नाही तो पाळणे हे व्रत नव्हे. ती नुसती भीती होय.

राहता राहिला हा वाक्प्रचार प्रत्यक्ष कोठे वापरावा हा प्रश्न. साठामर्यादेच्या त्याच दिवसांत आम्ही काही व्यापाऱ्यांनी मिळून एक अर्ज करावयाचे ठरविले. मसुदा एका तरुण सभासदाने इंग्रजीत लिहिला. लेखणी चांगली, मुद्दे बिनतोड. शेवटी मात्र त्याने ‘पॉवर्स दॅट बी यांस आमची नम्र विनंती’ अशा अर्थाचे वाक्य घातले होते. आम्ही ते खोडावयास सांगितले. तो म्हणाला, ‘‘काका, शब्दकोशात अर्थ ‘अधिकारी मंडळी’ असाच दिला आहे.’’ अर्थ तोच, पण रोख निराळा. हे शब्द त्या मंडळींविषयी बोलावयाचे असतात, त्या मंडळींशी नव्हे. अर्जात ते घालणे म्हणजे साहेबांच्या तोंडावर ‘बडी धेंडे’ म्हणण्यासारखे. शिवाय अर्ज हा कोणास तरी द्यावा लागतो, आणि ‘पॉवर्स दॅट बी’ या नावाची पेटी कोणत्याही टपाल कचेरीत नाही. मित्रमंडळीत, भाषणात, वर्तमानपत्रास लिहिताना हा वाक्प्रचार खुशाल वापरावा. त्याने बोलण्यास मीठ येते. अर्ज, करार, जबाब आणि हिशेब यांत तो येऊ देऊ नये.

मग आम्ही दोघे दोन तास बसलो. राजपत्राची प्रत काढली, हुकमाची तारीख, खाते आणि कलम लिहिले, सही करणाऱ्याचा हुद्दा लिहिला, साठा दर शुक्रवारी संकेतस्थळावर नोंदविला त्याच्या पावत्या जोडल्या, आणि लिफाफ्यावर पत्ता घातला तो त्या हुद्द्याचा. एक प्रत जिल्हा पुरवठा कचेरीस, एक राज्याच्या खात्यास. त्या तरुणाने आपले आवडते वाक्य खोडले खरे, पण खोडताना त्याचा चेहरा उतरला होता, म्हणून आम्ही त्याला ते या लेखाचे शीर्षक करण्याचे वचन दिले. पाच आठवड्यांनी अर्जाची पोच आली. ज्या तीन ठिकाणी पाठविला होता त्यांपैकी कोणाचीच ती नव्हती. चौथ्याच एका कचेरीने, अर्ज ‘योग्य त्या अधिकाऱ्यांकडे’ पाठविला आहे, असे कळविले होते.